क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात मोटारहोम, सोबत लॅब्रॅडोर आणि आसपासची गावे: अनुभवी लोकांचे मार्गदर्शन हवे

बुंदीची_माणसे

नमस्कार. आम्ही दोघे सॅन डिएगोत राहतो. येत्या जानेवारीच्या मध्यावर भाड्याने पंचवीस फुटी मोटारहोम घेऊन नऊ दिवस ॲरिझोनातील क्वार्ट्झसाइटच्या परिसरात राहण्याचा आमचा बेत आहे. माझे सासरे नाशिकहून तीन महिन्यांसाठी आले आहेत, तेही बरोबर असतील. त्यांचे वय एकाहत्तर असले तरी रोज पाच किलोमीटर चालण्याची सवय असल्याने त्यांची काळजी नाही. काळजी आहे ती बुंदीची. ती सात वर्षांची लॅब्रॅडोर आहे, वजन जरा जास्तच आहे, आणि जमिनीवर पडलेली कोणतीही वस्तू आधी तोंडात घालून मग ती खाण्याची आहे की नाही याचा विचार करणे हा तिचा स्वभाव आहे.

यापूर्वी आम्ही दोनदा मोटारहोम नेले, पण दोन्ही वेळा वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी असलेल्या पार्कमध्येच उतरलो. उघड्या वाळवंटात राहण्याची ही पहिलीच वेळ. मोफत जागा घ्यावी की शुल्क भरून दीर्घ मुक्कामाच्या क्षेत्रात राहावे, हे आम्हाला ठरवता येत नाही. दुसरे असे की सासऱ्यांना जुन्या वस्त्या, संग्रहालये, खाणींची गावे पाहण्याची मनापासून आवड आहे, आणि अशा ठिकाणी बुंदीला प्रवेश मिळेलच असे नाही. तेव्हा तिला मोटारहोममध्ये वातानुकूलन चालू ठेवून तीन-चार तास सोडले तर चालेल का? तिसरा प्रश्न वाळवंटात कुत्र्याला नेमका कशापासून धोका असतो हा. आंतरजालावरच्या याद्या वाचून मी घाबरून गेले आहे; त्यांतले जानेवारीत लागू काय आणि निव्वळ भीती काय, हे कोणी अनुभवाने सांगितले तर फार बरे होईल.

निवडुंग

आम्ही फिनिक्सला असतो आणि निवृत्तीनंतरचे आठ हिवाळे आमच्या ट्रेलरसह याच भागात काढले आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्ही विचारलेल्या तिन्ही प्रश्नांच्या आधीचा एक प्रश्न आहे, तो असा की मोटारहोमच्या मागे किंवा बरोबर तुमची गाडी असणार आहे का? नसेल तर गाव पाहायला जाणे म्हणजे प्रत्येक वेळी अख्खे घर उचलून नेणे होय. छत्री गुंडाळायची, खुर्च्या आत घ्यायच्या, कपाटांना कड्या लावायच्या, बुंदीचे पाण्याचे भांडे रिकामे करायचे, आणि मग पंचवीस फुटी वाहन घेऊन पार्करसारख्या जवळच्या गावाच्या बाजारात जागा शोधत हिंडायचे. दोन दिवस हौसेने कराल, तिसऱ्या दिवशी गावे पाहण्याची इच्छाच संपेल. भाड्याच्या वाहनाला मागून गाडी जोडण्यास बहुतेक करारांत मनाई असते, त्यामुळे तुम्हा दोघांपैकी एकाने आपली गाडी चालवत मागून येणे हाच सोपा उपाय आहे. सॅन डिएगोहून आंतरराज्य महामार्ग ८ ने युमा आणि तेथून उत्तरेस ९५ ने क्वार्ट्झसाइट असे साधारण २५० मैल भरतात. गाडीचे पेट्रोल वाया गेले असे पुढचे नऊ दिवस एकदाही वाटणार नाही. या रस्त्यावर एक सावधगिरी मात्र हवी: महामार्ग ८ चार हजार फुटांवर चढून ओकोटिलोकडे एकदम खाली उतरतो, आणि त्या घाटात उंच वाहनांना ढकलणारा वारा असतो. निघण्याच्या सकाळी वाऱ्याचा इशारा पाहा. इशारा असेल तर एक दिवस थांबा.

आता जागा. क्वार्ट्झसाइटच्या दक्षिणेला महामार्ग ९५ च्या दोन्ही अंगांना ला पोसा हे सुमारे ११,४०० एकरांचे दीर्घ मुक्काम क्षेत्र आहे. केंद्रीय भूव्यवस्थापन विभागाने ही योजना १९८३ मध्ये सुरू केली. हंगाम १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल. अनेक वर्षे पूर्ण हंगामाचा परवाना १८० डॉलर आणि सलग चौदा दिवसांचा ४० डॉलर असा दर राहिला आहे; जाण्यापूर्वी विभागाच्या पानावर चालू दर पाहून घ्या. याउलट प्लोमोसा रस्ता, स्कॅडन वॉश, डोम रॉक आणि हाय जॉली या गावाभोवतीच्या जागा मोफत आहेत. तेथे कोणत्याही अठ्ठावीस दिवसांत चौदा दिवस राहता येते, पण पाणी नाही, कचरापेटी नाही, मैल्याची टाकी रिकामी करण्याची सोय नाही. जाणकार मंडळी मोफत जागांची फार स्तुती करतात आणि ती खोटी नाही. तरीही पहिल्यांदा जाणाऱ्यांनी, तेही तीन माणसे आणि एक कुत्री असताना, ला पोसाच घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. दक्षिण भागात पिण्याचे पाणी भरता येते आणि दोन्ही टाक्या रिकाम्या करता येतात. तुमची सांडपाण्याची टाकी पाचव्या दिवशी भरेल. भांडी धुतलेले पाणी वाळूत ओतून देणे हा तेथे गुन्हा आहे आणि शेजारी ते पाहतात.

जानेवारीत दिवसा पारा ६५ ते ७० फॅरनहाइट, म्हणजे १८ ते २१ सेल्सिअसपर्यंत जातो, आणि पहाटे ४० फॅरनहाइट, म्हणजे ४ ते ५ सेल्सिअसपर्यंत उतरतो. पाहुण्यांना दिवसाच्या उन्हाचीच भीती असते. प्रत्यक्षात पहिली फजिती रात्रीच्या थंडीने होते. प्रोपेन भट्टीचा पंखा मोटारहोमच्या आतील बॅटरीवर चालतो आणि भाड्याच्या वाहनातील बॅटरी रात्रभर पंखा ओढण्याइतकी सुदृढ असेल याची खात्री नसते. झोपण्यापूर्वी आतील हवा गरम करून भट्टीचा आकडा कमी ठेवा, सासऱ्यांना रजई द्या, आणि जनित्र रात्री दहा ते सकाळी सहा बंद ठेवायचे असते हे लक्षात घेऊन संध्याकाळीच बॅटरी भरून घ्या.

वातानुकूलनाच्या भरवशावर बुंदीला सोडण्याविषयी माझे उत्तर नकारार्थी आहे, आणि त्याला कारण माझीच चूक आहे. ट्रेलर घेण्याआधीच्या वर्षी आम्ही भाड्याचे मोटारहोम नेले होते. फेब्रुवारीतल्या एका उबदार दुपारी आमच्या म्हाताऱ्या बीगलला आत ठेवून, जनित्र आणि वातानुकूलन चालू करून आम्ही बाजारात गेलो. मोटारहोमचे जनित्र वाहनाच्याच मुख्य टाकीतून इंधन घेते आणि टाकी पाव भागावर आली की आपोआप बंद पडते, म्हणजे माणूस वाळवंटात अडकून पडू नये. ही व्यवस्था अतिशय शहाणपणाची आहे, फक्त ती आम्हाला कोणी सांगितली नव्हती आणि आम्ही विचारलीही नव्हती. खिडक्या बंद, दर्शनी काच पश्चिमेला. शेजारच्या वृद्ध गृहस्थांना जनित्राचा आवाज थांबल्याचे जाणवले, त्यांनी मागची खिडकी बाहेरून सरकवली आणि आम्हाला फोन केला. बीगल वाचला. त्या दिवसापासून जेथे कुत्र्याला नेता येत नाही तेथे आमच्यापैकी एक जण बाहेर बसतो, हा आमचा नियम आहे.

ट्यूसॉनचा_पशुवैद्य

निवडुंगताईंनी जनित्राबद्दल लिहिले ते अगदी योग्य आहे. त्याला एक आकडा जोडतो: बाहेर ७० फॅरनहाइट असताना बंद मोटारगाडीचे आतील तापमान अर्ध्या तासात १०४ फॅरनहाइटच्या, म्हणजे ४० सेल्सिअसच्या आसपास जाते. मोटारहोम मोठे आणि अस्तर असलेले असल्याने तितक्या वेगाने तापत नाही. पण त्याची दर्शनी काच हेच एक मोठे भिंग असते. ॲरिझोनात २०१७ पासून, ठरावीक अटी पाळून, संकटातील प्राण्यासाठी बंद वाहनाची काच फोडणाऱ्यास कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा तुमच्या अनुपस्थितीत कोणी काच फोडली तर तक्रारीला फारशी जागा राहणार नाही.

आता तुमच्या याद्यांतील भीती जानेवारीच्या चाळणीतून गाळू. रॅटलस्नेक त्या काळात बहुधा बिळात स्वस्थ पडून असतात. उबदार दुपारी एखादा बाहेर येऊ शकतो, म्हणून दगडांच्या कपारीत नाक घालू देऊ नका, पण सहल रद्द करण्याचे ते कारण नाही. सोनोरन वाळवंटातील विषारी भेक पावसाळ्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये दिसतो; तो विसरून जा. जमीन तापून पंजे भाजणे हाही उन्हाळ्याचा विषय आहे. कायोटी, म्हणजे कोल्ह्यासारखे रानटी प्राणी, मात्र बाराही महिने असतात. लॅब्रॅडोरच्या आकारामुळे हल्ल्याचा धोका कमी आहे. परंतु त्यांच्या हाकेला उत्तर देत अंधारात पळालेला कुत्रा शोधणे फार कठीण जाते. दोरी सहा फुटांपेक्षा लांब नसावी असा मुक्काम क्षेत्रांचा नियमही आहे, आणि सूर्यास्तानंतर तो माझ्या दृष्टीने नियम न राहता गरज होतो.

या ऋतूतील खरा उपद्रव म्हणजे चोया. हा निवडुंग उडी मारतो असे लोक म्हणतात. प्रत्यक्षात त्याची कांडी इतकी सैल जोडलेली असतात की केसांचा स्पर्श झाला तरी तुटून चिकटतात. वाऱ्याने गळालेले गोळे झाडापासून दूरवर जमिनीवर पसरलेले असतात आणि ते दिसायला अगदी खेळण्यातल्या चेंडूसारखे असतात. बुंदीचा स्वभाव तुम्ही वर्णिला आहे, म्हणून हे अधोरेखित करतो. पंजात गोळा रुतला की कुत्रे तो दातांनी काढायला जाते आणि मग जीभ व टाळूही काट्यांनी भरतात. म्हणून प्रथम तिचे तोंड धरा, एकाने. दुसऱ्याने रुंद दातांचा कंगवा कातडी आणि गोळा यांच्यामध्ये सरकवून एका झटक्यात गोळा दूर उडवावा, तोही कोणाच्या पायाच्या दिशेने नव्हे. उरलेले काटे पकडीने किंवा चिमट्याने एकेक करून सरळ ओढावेत. हाताने ओढू नका. काट्यांना उलटे दाते असतात, आणि मग दवाखान्यात दोन रुग्ण येतात. तोंडात किंवा डोळ्यांजवळ काटे असतील तर घरगुती प्रयत्न न करता थेट डॉक्टरांकडे जावे, कारण ते काम भूल देऊनच करावे लागते. पार्कर, ब्लाइथ आणि युमा येथील पशुवैद्यकीय दवाखान्यांचे फोन आणि रात्रीच्या वेळा निघण्यापूर्वीच कागदावर लिहून घ्या, कारण काही घळींत मोबाइलला संदेशलहरी मिळत नाहीत.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर असूनही लोक ती घरी परतल्यावर विसरतात. येथील मातीत कॉक्सिडिऑइडिस नावाची बुरशी असते. तिचे बीजाणू धुळीतून श्वासात गेले की ‘व्हॅली फीव्हर’ हा आजार होऊ शकतो. फिनिक्स आणि ट्यूसॉन यांच्या काउंटींत तो सर्वाधिक आढळतो, पण पश्चिमेकडील वाळवंटही त्यापासून मुक्त नाही. उंदरांची बिळे उकरणाऱ्या कुत्र्यांचे नाक नेमके त्या मातीत असते. लक्षणे साधारण एक ते तीन आठवड्यांनी दिसू लागतात: कोरडा खोकला, ताप, मंदावलेली भूक, आणि संसर्ग हाडांत पसरल्यास काही महिन्यांनी लंगडणे. बहुतेक कुत्र्यांना काहीच होत नाही. परंतु फेब्रुवारीत बुंदी खोकू लागली तर सॅन डिएगोतील डॉक्टरांना ‘आम्ही ॲरिझोनाच्या वाळवंटात होतो’ हे एक वाक्य आवर्जून सांगा. रक्ततपासणीची दिशा त्याने बदलते. उपचार बुरशीरोधक गोळ्यांनी होतो आणि तो सहसा सहा महिने ते वर्षभर चालतो. कुत्र्याचा खोकला माणसाला लागत नाही. पण तीच धूळ सासऱ्यांच्याही श्वासात जाते, म्हणून वावटळीच्या दिवशी सर्वांनीच आत बसावे.

रानवाट

दोघांचेही म्हणणे मान्य करून थोडा मतभेद नोंदवतो. जानेवारीत सकाळी आठ ते अकरा या वेळेत आम्ही आमच्या दोन कुत्र्यांना ट्रेलरमध्ये अनेकदा ठेवले आहे, तेही वातानुकूलनाशिवाय. त्या वेळी बाहेर ५० ते ६० फॅरनहाइट असते, छतावरचा झरोका आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या ठेवल्या की हवा खेळती राहते, आणि दर्शनी काच नसल्याने ऊनही आत येत नाही. ज्याचे तापमान यंत्राविनाच सुरक्षित राहते अशा वेळी ठेवावे आणि जेव्हा यंत्राची गरज भासेल तेव्हा ठेवू नये, इतका साधा निकष आहे. मोबाइलवर आतील तापमान कळवणारे छोटे उपकरण मिळते, ते जरूर घ्या; मात्र ते धोक्याची सूचना देते, धोका टाळत नाही. तुम्ही चाळीस मैलांवर असाल तर त्या सूचनेचा उपयोग काय?

निवडुंग

रानवाट, सकाळचे तुमचे गणित मला मान्य आहे. पण तुमची कुत्री त्या ट्रेलरला आपले घर मानतात. भाड्याच्या, परक्या वासाच्या वाहनात पहिल्याच आठवड्यात एकट्या पडलेल्या लॅब्रॅडोरने दाराची जाळी फाडली तर अनामत रक्कम जाईल ती वेगळीच. पहिले दोन दिवस तिला आत ठेवून तुम्ही बाहेर खुर्ची टाकून अर्धा तास बसा आणि ती काय करते ते ऐका, मग ठरवा.

बुंदीची_माणसे

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, मनःपूर्वक आभार. गाडीचा मुद्दा आमच्या डोक्यातच आला नव्हता. यजमानांनी मोटारहोम आणि मी आमची गाडी असे जायचे ठरले आहे. भाड्याच्या कराराचा कागद काल पुन्हा वाचला तेव्हा कच्च्या रस्त्यावर वाहन नेण्यास मनाई असल्याचे बारीक अक्षरांत आढळले, त्यामुळे मुक्काम ला पोसाच्या वाटेलगतच्या भागात करू आणि तेथे वाहन नेण्याची लेखी परवानगी आधी घेऊ. फिरणे सगळे गाडीने होईल.

आणखी दोन शंका. सासरे पर्यटक व्हिसावर आहेत आणि आम्ही दोघे एच-१बी वर. युमाजवळून मेक्सिकोत पायी जाऊन येतात असे वाचले, ते आम्ही करावे का? आणि बुंदीला बरोबर घेऊन कोणती गावे निवांतपणे पाहता येतील? सासऱ्यांनी वाचनालयातून आणलेल्या पुस्तकातून त्या भागात कधी काळी उंट होते असे शोधून काढले आहे आणि तेव्हापासून ते उंटाविषयीच बोलत आहेत.

खजूरबाग

कागदपत्रांविषयी मी सांगतो, कारण आम्ही हिवाळ्यात युमाला दरवर्षी जातो.

मेक्सिकोतील लॉस अल्गोडोनेस हे गाव अमेरिकेच्या बाजूच्या अँड्राडे चौकीतून पायी ओलांडता येते. दंतवैद्य, चष्मे आणि औषधांची दुकाने यांसाठी ते प्रसिद्ध आहे. पाहण्यासारखे म्हणाल तर फार काही नाही. वैध अमेरिकी व्हिसा असलेल्या भारतीय नागरिकास मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. पण परत येण्याचा विचार आधी करावा. पारपत्रावरील व्हिसाचा शिक्का अजून वैध असेल आणि सासऱ्यांचा व्हिसा बहुप्रवेशाचा असेल, तरच जावे. शिक्का संपला असून केवळ मुदतवाढीच्या कागदावर राहत असाल तर त्यासाठीच्या सवलतीचे नियम एखाद्या वकिलाकडून समजून घेतल्याशिवाय सीमा ओलांडू नका. दोन तासांच्या फेरफटक्यासाठी तो मनस्ताप नको. बुंदीला तर नेऊच नका. १ ऑगस्ट २०२४ पासून अमेरिकेत येणाऱ्या प्रत्येक कुत्र्यासाठी, मग तो तासाभराने परतणारा का असेना, रोगनियंत्रण केंद्राचा अर्ज, मायक्रोचिप आणि किमान सहा महिन्यांचे वय या अटी आहेत.

सीमा न ओलांडताही कागद लागतातच. युमाहून क्वार्ट्झसाइटकडे जाताना महामार्ग ९५ वर सीमा सुरक्षा दलाची तपासणी चौकी आहे आणि परतीच्या वाटेवर महामार्ग ८ वरही एक आहे. अधिकारी नागरिकत्व विचारतात. अठरा वर्षांवरील परदेशी व्यक्तीने आपल्या नोंदणीचा पुरावा जवळ बाळगणे कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा तिघांची पारपत्रे आणि आय-९४, म्हणजे अमेरिकेतील प्रवेशाच्या नोंदीच्या, छापील प्रती मोटारहोमच्या कपाटात नव्हे, तर ज्याच्या त्याच्या जवळ ठेवा. तुम्ही दोन वाहनांतून जाणार आहात. बुंदीचे रेबीज लसीचे प्रमाणपत्रही त्याच पाकिटात असू द्या. कॅलिफोर्नियात शिरताना शेतमालाची वेगळी तपासणी असते. युमाच्या शेतातून घेतलेली संत्री तिथे काढून घेतली जाऊ शकतात. मेजूल खजूर मात्र भरपूर घ्या आणि तेथेच खजुराचे मिल्कशेक प्या. सासऱ्यांना इतिहासाची आवड आहे तर १८७६ ते १९०९ या काळात चाललेला युमाचा प्रादेशिक तुरुंग जातानाच दाखवा. कोलोरॅडो नदीवरील टेकाडावरच्या त्या कोठड्या पाहायला दीड तास पुरतो, आणि तेवढा वेळ तुमच्यापैकी एक जण बुंदीला नदीकाठी फिरवू शकेल.

रानवाट

उंटाची गोष्ट खरी आहे, आणि ती तुमच्या मुक्कामापासून काही मिनिटांवरच संपते. १८५५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने सैन्यासाठी उंट आणण्यास तीस हजार डॉलर मंजूर केले. पुढच्या वर्षी भूमध्य समुद्राकडून उंट आणि त्यांना सांभाळणारी माणसे टेक्सासच्या किनाऱ्यावर उतरली. त्यांतील हादजी अली नावाच्या उंटवाल्याचे नाव सैनिकांच्या तोंडी ‘हाय जॉली’ झाले. १८५७ मध्ये लेफ्टनंट बील यांच्या रस्ता-पाहणीत हे उंट वाळवंटातून कॅलिफोर्नियापर्यंत गेले आणि त्यांनी काम चोख केले, पण खेचरे त्यांच्या वासाने बुजत आणि यादवी युद्ध सुरू झाल्यावर कोणालाच त्यांच्यात रस उरला नाही. हाय जॉली १९०२ मध्ये क्वार्ट्झसाइटलाच वारले. गावाच्या दफनभूमीत त्यांच्या थडग्यावर राज्याच्या महामार्ग विभागाने १९३५ मध्ये दगडांचा छोटा पिरॅमिड उभारला असून त्याच्या टोकावर धातूचा उंट आहे. जागा मोकळी आहे. बुंदीला दोरीने धरून पिरॅमिडपर्यंत जाता येईल, फक्त थडग्यांपासून तिला दूर ठेवा. तेथून जवळच टायसन्स वेल हा १८६६ चा घोडागाड्यांचा थांबा असून त्यात आता लहानसे संग्रहालय आहे. कुत्र्यासह आत जाता येत नाही असे गृहीत धरून पाळीपाळीने पाहा. गावाच्या नावाविषयी असे सांगतात की येथील क्वार्ट्झाइट खडकावरून नाव ठेवायचे होते, पण टपाल खात्याच्या चुकीने मध्ये एक ‘स’ शिरला आणि तो राहूनच गेला.

एरवी हे गाव अडीच हजारांच्या आसपास वस्तीचे. जानेवारीत मात्र खडे, रत्ने आणि मोटारहोम यांची प्रदर्शने भरतात आणि आसपासचे वाळवंट पांढऱ्या छपरांनी भरून जाते. बाजार उघड्यावर असतो, अनेक जण कुत्री घेऊन फिरतात. तरीही प्रदर्शनाच्या शनिवारी मी माझी कुत्री तेथे नेत नाही: विद्युत गाड्या, धूळ, सांडलेले तळकट पदार्थ आणि शेकडो अनोळखी कुत्री. मधल्या वारी सकाळी नऊच्या आत जाऊन या.

बुंदीसाठी खरी उत्तम जागा म्हणजे ब्लाइथच्या उत्तरेस सुमारे पंधरा मैलांवरील भूचित्रे. वाळवंटाच्या पृष्ठावरील काळसर खडे बाजूला सारून खालची फिकट माती उघडी करत प्राचीन लोकांनी माणसाच्या आणि प्राण्यांच्या आकृती काढल्या आहेत; सर्वांत मोठी मानवाकृती १७१ फूट लांबीची आहे. मोहावी आणि क्वेचान लोक तिला सृष्टिकर्ता मस्ताम्हो मानतात. गेल्या शतकात, १९३० च्या आसपास, एका वैमानिकाला त्या वरून दिसल्या आणि मग बाहेरच्या जगाला कळल्या. आता त्यांना कुंपण आहे, कारण गाड्यांच्या चाकांनी काही रेषा कायमच्या बिघडवल्या. जमिनीवरून आकृती पूर्ण दिसत नाही, ही तेथील गंमतही आहे आणि निराशाही. निघण्यापूर्वी वरून काढलेले छायाचित्र सासऱ्यांच्या मोबाइलवर ठेवा. क्वार्ट्झसाइटच्या उत्तरेस प्लोमोसा रस्त्यावर ‘बाऊसचा मच्छीमार’ नावाने ओळखले जाणारे असेच लहान भूचित्र आहे. तेथे गर्दी जवळजवळ नसते.

पस्तीस मैलांवर पार्कर आहे. ते कोलोरॅडो नदीकाठच्या आदिवासी जमातींच्या आरक्षित प्रदेशात येते. पार्करच्या दक्षिणेस पोस्टन येथे १९४२ ते १९४५ या काळात जपानी वंशाच्या सतरा हजारांहून अधिक लोकांना, ज्यांत बहुसंख्य अमेरिकी नागरिकच होते, कोंडून ठेवले होते; त्या छावणीला जमात परिषदेचा विरोध होता, तो डावलून ती त्यांच्याच जमिनीवर उभारली गेली. आज रस्त्याच्या कडेला एकच उंच खांब आणि माहितीचे फलक आहेत. आजूबाजूला शेते. मी तेथे तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा आम्ही एकटेच होतो. कुत्रे बरोबर असले तरी चालते, पण तेथे ती जागा आपणहून शांत राहायला सांगते.

लेक हवासू सिटीतील लंडन ब्रिज पाहायला जायचे तर पूर्ण दिवस ठेवा. १८३१ चा हा पूल १९६८ मध्ये २४,६०,००० डॉलरना विकत घेऊन, दगडांना क्रमांक देऊन येथे आणला गेला आणि १९७१ मध्ये खुला झाला. थेम्सवरचा दगड वाळवंटात पाहणे हा प्रकार मला थोडा हास्यास्पद वाटतो, पण पुलाखालच्या कालव्याच्या काठाने कुत्र्यासह छान चालता येते, आणि लॅब्रॅडोरला पाणी दिसल्याचा आनंद वेगळाच.

दोन ठिकाणी सावधपणे वागा. ओटमन हे रूट ६६ वरील जुने खाणगाव सगळे सुचवतील. तेथे रस्त्यांत मोकाट गाढवे फिरतात आणि कुत्र्याला ती कायोटीच समजतात. त्यांच्या लाथेने कुत्री जायबंदी झाली आहेत. बुंदी सोबत असताना ते गाव सोडून द्या. कोफा अभयारण्यात मात्र अवश्य जा. ते १९३९ मध्ये रानमेंढ्यांसाठी राखले गेले आणि ‘किंग ऑफ ॲरिझोना’ या खाणीच्या आद्याक्षरांवरून त्याला नाव मिळाले. क्वार्ट्झसाइटच्या दक्षिणेस अठरा मैलांवर वळून सात मैल कच्च्या रस्त्याने गेले की पाम कॅन्यन येते. घळीच्या भेगेत जंगली ताडाची झाडे उभी आहेत. वाट अर्ध्या मैलाची, पण चढाची आणि सुट्या दगडांची आहे, बाजूंना चोया. तेथे बुंदीला पायमोजे घाला, निदान कंगवा खिशात असू द्या. वाटेत दिसणारी मेस्कीटची झाडे सासऱ्यांना ओळखीची वाटतील, कारण आपल्याकडची वेडी बाभूळ तिचीच सख्खी बहीण आहे. काटेही तितकेच बेरकी.

बुंदीची_माणसे

उंटाचे थडगे पहिल्याच सकाळी पाहायचे असे सासऱ्यांनी जाहीर केले आहे. प्रत्येक गावी एक जण बुंदीजवळ बाहेर थांबेल अशी पाळी लावली. त्यात सासऱ्यांनी स्वतःहून सर्वांत जास्त वेळा नाव लिहिले, पण खाली ‘पोस्टनला तिघेही एकत्र, बुंदीसह’ अशी टीप टाकली आहे. एकच विचारायचे राहिले: आम्ही सॅन डिएगोहून सकाळी नऊला निघालो तर तुरुंग पाहून उजेडात पोहोचू का?

निवडुंग

पोहोचणार नाही, सातला निघा. घाटात मोटारहोम हळू चालेल, ॲरिझोनाचे घड्याळ हिवाळ्यात कॅलिफोर्नियाच्या एक तास पुढे असते, आणि जानेवारीत तेथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. अंधारात जागा निवडणाऱ्याला सकाळी कळते की त्याने वॉशमध्ये, म्हणजे कोरड्या ओढ्याच्या पात्रात, मुक्काम केला आहे किंवा दाराशीच चोया आहे. उजेडात पोहोचून मोटारहोमची दर्शनी काच उत्तरेकडे करा, मग बुंदीला उतरवण्यापूर्वी दोघांनी पंचवीस पावलांच्या वर्तुळात जमीन पाहून पडलेले गोळे फावड्याने दूर करा. शेकोटीसाठी लाकूड बरोबर आणा. मुक्काम क्षेत्रात वाळकी काटकीसुद्धा उचलण्यास बंदी आहे. आणि कंगवा धातूचा घ्या, प्लास्टिकचे दात चोयात तुटतात.